कॉम्प्युटरला कच्चा लिंबू ठरवा, पण डाव सुरू व्हायच्या आधी सांगून

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो. तुम्ही तिघं मिळून एक टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम करताय, एक माणूस आणि समोर सहा कॉम्प्युटर खेळाडू, आणि ज्यांना ज्यांना खेळायला दिला ते सगळे एकच सांगतायत की एआय आतून मिळालेले आहेत, आपसात तह करतात, टेक्नॉलॉजी वाटून घेतात आणि माणसाला एकटं गाठून झोडतात. कोडमध्ये तसं काही लिहिलेलंच नाही असं तुम्ही म्हणताय. आणि शेवटी विचारलंय की डिप्लोमसीचे, म्हणजे तह, मैत्री आणि युद्धाचे, नियम माणसाला आणि कॉम्प्युटरला शंभर टक्के सारखे लावले की हा प्रश्न सुटेल का.

नाही सुटणार. मी पंधराएक वर्षं हेच काम करतोय, आधी कॉलेजात असताना सिव्हिलायझेशन ४ (पुढे नुसतं सिव ४ म्हणतो) ह्या गेमचे मॉड, म्हणजे हौसेने केलेले बदल, नंतर नोकरीत दुसऱ्यांच्या गेमचे एआय, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीये की नियम सारखे असणं आणि खेळणाऱ्याला न्याय मिळाला असं वाटणं ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लहानपणी लपाछपी खेळताना कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागायचा, त्याला आपण कच्चा लिंबू करायचो. त्याच्यावर राज्य यायचं नाही, तो आऊट झाला तरी चालायचं. त्यावरून कुणी भांडल्याचं मला आठवत नाही, कारण डाव सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना माहीत असायचं. भांडणं व्हायची ती रडीच्या डावावरून, म्हणजे राज्य आल्यावर कुणीतरी म्हणायचं की माझा टाइमप्लीज होता. तीच सूट आधी सांगून घेतली तर कच्चा लिंबू आणि नंतर काढली तर रडी. गेम बनवताना मी हे एवढंच डोक्यात धरून चालतो आणि माझं बाकीचं सगळं उत्तर ह्यातूनच येतं.

चांगल्या गेममध्ये हे कसं केलंय बघा. सिव ४ मध्ये नोबल लेव्हलपासून जसजसं वर जाल तसतशा एआयला सवलती वाढत जातात, सगळ्यात वरच्या डीटी लेव्हलला तर त्यांना सुरुवातीलाच दोन सेटलर, म्हणजे शहर वसवणारी दोन पथकं, मिळतात, पण लेव्हल तुम्ही स्वतः निवडलेली असते त्यामुळे राग येत नाही. युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये लकी नेशन्स नावाचं सेटिंग आहे, इतिहासात मोठे झालेले काही देश एआयच्या हातात असले तर त्यांना जादा फायदे, तोच देश माणसाने घेतला तर नाही. उघडउघड पक्षपात आहे, पण सेटिंगमध्ये नावानिशी लिहिलेला आहे आणि नको तर बंद करता येतो. फ्रीसिव हा फुकट ओपन सोर्स गेम १९९६ पासून लोक खेळतायत, त्यात एआयच्या एका लेव्हलचं नावच चीटिंग आहे, आणि बाकीच्या लेव्हलना कोडमध्ये हँडिकॅपची, म्हणजे बंधनांची, यादी लावलेली आहे, उदाहरणार्थ न बघितलेला नकाशा त्या एआयलाही दिसणार नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

पण डिप्लोमसीची गोष्ट उत्पादनापेक्षा नाजूक आहे हे लक्षात घ्या. एआयला सैन्य स्वस्त दिलं तर खेळणाऱ्याला वाटतं समोरचा दणकट आहे, आणि तहाच्या बाबतीत सूट दिली तर वाटतं समोरचा बेइमान आहे. दणकट शत्रूशी लोक रात्रभर खेळतात, बेइमानाशी एकदाच.

आता तुमची तक्रार. सगळ्यात आधी हे तपासा की हल्ले होतायत ते तो माणूस आहे म्हणून होतायत का तो कमजोर दिसतोय म्हणून, कारण खेळणाऱ्याला बाहेरून दोन्ही अगदी एकसारखं दिसतं. बहुतेक गेममध्ये एआय युद्ध ठरवताना शेजाऱ्याची लष्करी ताकद एका आकड्यात मोजतो, सिव ४ मध्येही तसंच आहे. आणि माणूस काय करतो, तो हुशार असतो, सैन्य कमीत कमी ठेवून सगळा पैसा शहरांत आणि संशोधनात घालतो, वेळ आली की आठ टर्नमध्ये फौज उभी करू असा त्याचा हिशोब असतो. एआयला ते "वेळ आली की" दिसत नाही ना, त्याला दिसतो एक श्रीमंत शेजारी आणि वेशीवर दोन धनुर्धारी. सहाही एआय आपापलं वेगवेगळं गणित करतात, सगळ्यांचं उत्तर एकच येतं आणि खेळणारा म्हणतो की ह्यांनी कट केला. इथे अन्याय झालेला नाही, पण खेळणाऱ्याला आपण सांगितलेलंही नाही की बाबा तू कमजोर दिसतोयस. शेजाऱ्याच्या दूताने दोन-तीन टर्न आधी "तुमच्या सीमेवर फारच शांतता आहे" एवढं जरी म्हटलं तरी तोच हल्ला त्याला रास्त वाटतो.

दुसरी गोष्ट कोडच्या क्रमाची, आणि ही जरा सविस्तर सांगतो कारण ह्यात आमचे तीन आठवडे गेले होते. आधीच्या एका नोकरीत आमचा असाच सात देशांचा गेम होता. सुरुवातीला सगळ्यांचा सगळ्यांशी आपोआप २० टर्नचा तह असायचा, तो संपला की दोघांना विचारायचं, पुढे चालू ठेवायचा का. टेस्टर लोकांची तक्रार शब्दशः तुमच्यासारखीच, की एआय फक्त माणसालाच धरतात. आम्ही सगळे जाऊन बसलो ते एआयच्या मताच्या कोडमध्ये, कोण कुणावर किती नाराज आहे त्या आकड्यांत, तिथे काहीच सापडेना. टेस्टिंगमधल्या एका मुलीला वहीत नोंदी ठेवायची सवय होती, ती एक दिवस वही घेऊन आली आणि म्हणाली, हे युद्ध नेहमी २१, ४१ नाहीतर ६१ व्या टर्नलाच का सुरू होतं?

तिथून धागा मिळाला. माणसाने एंड टर्न दाबलं की आधी सगळ्या तहांचे आकडे एकाने कमी व्हायचे, मग सहा एआय ओळीने आपली टर्न खेळायचे, मग परत माणूस. तह शून्यावर आला की दोन एआयमध्ये तिथल्या तिथे विचारून होय-नाही होऊन जायचं, कारण त्यांना विचारायला स्क्रीन लागत नाही. माणसाला विचारायला पॉपअप लागतो, आणि पॉपअप त्याची टर्न आल्याशिवाय दाखवता येत नाही, म्हणून तो प्रश्न रांगेत पडून राहायचा. म्हणजे मधल्या त्या वेळात, सहाच्या सहा एआय जेव्हा "ज्याच्याशी तह नाही असा शेजारी शोध" हे फंक्शन चालवत होते तेव्हा अख्ख्या नकाशावर तह नसलेला देश एकच होता. द्वेष नव्हता, कट नव्हता, बिचाऱ्या माणसाला नुसती पॉपअपची रांग नडत होती. माणसाचं उत्तर येईपर्यंत जुना तह चालूच धरायचा असा बदल केला, काम अर्ध्या तासाचं होतं, आणि ती तक्रार बंद झाली. त्यामुळे "कोडमध्ये तसं काही लिहिलेलं नाही" हे तुमचं म्हणणं मी मानतो, पण पक्षपात लिहावा लागत नाही हो, तो क्रमातून आपोआप तयार होतो.

मग तिसरी जागा, जिथे खरोखर लिहिलेलं असतं. तुमच्या सगळ्या कोडमध्ये "हा खेळाडू माणूस आहे का" असं विचारणारी प्रत्येक ओळ शोधून काढा. काही ओळी निव्वळ दाखवण्यापुरत्या असतात, पॉपअप दाखव, आवाज वाजव, त्या सोडून द्या. ज्या ओळीनंतर एआयचा निर्णय बदलतो ती प्रत्येक ओळ एका कागदावर उतरवा आणि तिघांनी बसून प्रत्येकीपुढे कारण लिहा. कारण लिहिता येत नसेल तर ती ओळ काढायची.

ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण सिव ४ मध्येच आहे. त्याचा गेमप्लेचा सोर्स कोड २००६ मध्ये मॉडर्सना खुला झाला तेव्हा आम्ही अधाशासारखा वाचला होता. त्यात प्रत्येक नेता दुसऱ्याबद्दल मताची एक बेरीज ठेवतो, धर्म एक आहे तर अधिक, सीमा घासतायत तर उणे, आमच्या मित्रावर हल्ला केलास तर उणे, वगैरे. बेरीज १० किंवा वर गेली की फ्रेंडली, ३ पासून प्लीज्ड, उणे ३ पासून अ‍ॅनॉइड (नाराज), उणे १० ला फ्युरियस, मधलं सगळं कॉशस (सावध). माणसाला हे सगळे मुद्दे आकड्यांसकट स्क्रीनवर दिसतात, आणि त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती ते आज सांगून कळणार नाही. पण त्याच फंक्शनमध्ये एक मुद्दा असा आहे की जो समोरचा माणूस नसेल तरच लागतो. प्रत्येक नेत्याला शांतताप्रियतेचा एक लपवलेला आकडा दिलेला आहे, गांधींचा वरचा, माँटेझुमाचा खालचा, आणि दोन एआय एकमेकांबद्दल मत ठरवताना ४ मधून त्या दोन आकड्यांमधला फरक वजा करून जे उरतं ते बेरजेत टाकतात. म्हणजे दोघांचा स्वभाव एकच असेल तर काहीही न करता पहिल्या दिवसापासून अधिक ४, आणि ८ चा फरक असेल तर कायमचे उणे ४.

आता विचार करा. प्लीज्डची पायरी ३ वर आहे. दोन शांत एआय एकमेकांना नुसते भेटले तरी ही पायरी बऱ्यापैकी गाठून बसतात, माणसाला मात्र तिथे पोचायला धर्म, व्यापार, मदत असं सगळं करावं लागतं. हा अन्याय आहे का? मी ह्यावर बराच विचार केलाय आणि माझं उत्तर नाही असं आहे. माणसाचा स्वभाव गेमला आधी माहीत नसतो, त्याला कुठला आकडा देणार. आणि माणसाच्या बोकांडी ते कायमचे उणे ४ पण बसत नाहीत, माँटेझुमा आणि गांधी दोघांशी तो दोस्ती करू शकतो जी त्या दोघांना एकमेकांशी कधी जमत नाही. म्हणजे हिशोब बरोबरीत आहे. चूक एकच, की तो स्क्रीनवर नव्हता. मी माझ्या मॉडमध्ये कुठलाही आकडा बदलला नाही, फक्त दोन एआयमधल्या संबंधांच्या यादीत "स्वभाव जुळतो" किंवा "स्वभाव जुळत नाही" अशी एक ओळ दाखवायला लागलो, आणि "हे दोघं आतून मिळालेत" असं म्हणणारे खेळाडू दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागले की अच्छा, म्हणून मिळालेत होय.

आता जी बाजू कुणी विचारत नाही ती. तुम्ही पण विचारली नाहीत, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. माणूस कॉम्प्युटरवर किती अन्याय करतो?

सिव ५ मध्ये एक प्रकार भयंकर गाजला होता. एआयला म्हणायचं, मी तुला दर टर्नला इतकं सोनं देत जाईन, त्या बदल्यात आत्ता एकरकमी दे. एआय बिचारा हिशोब करून एकरकमी द्यायचा. पुढच्याच टर्नला त्याच्यावर युद्ध पुकारायचं, युद्ध झालं की सगळे व्यवहार रद्द, म्हणजे हप्ते बंद, आणि त्याच्याच पैशाने विकत घेतलेली फौज त्याच्याच दारात. शेवटी २०१३ च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्ड ह्या एक्स्पान्शनपासून नियम आला की जाहीर मैत्री असल्याशिवाय एकरकमी सोनं व्यवहारात ठेवताच येणार नाही. मला हा उपाय योग्य वाटतो कारण तो दोघांना सारखा बांधतो, आणि एआयला जास्त हुशार न करता केलेला आहे. तुमच्या गेममध्ये जिथे जिथे "आत्ता घे, नंतर देतो" असा व्यवहार आहे तिथे हे भोक आहे असं समजूनच चाला, उधारी बुडवणारा माणूस पहिल्याच आठवड्यात ते शोधून काढतो.

मग रीलोड. माणूस सेव्ह करतो, एआयला विचारतो, नाही म्हणाला की लोड करून वेगळी ऑफर देतो. एआयला असा दुसरा चान्स कुठे आहे? निदान फासे तरी बदलू नयेत, सिव ४ मध्ये तसंच आहे, लोड केल्यावर नशीब नव्याने टाकायचं असेल तर वेगळा ऑप्शन निवडावा लागतो.

आणि बोलण्यातून फुटणारी माहिती. सिव ४ मध्ये एखाद्या नेत्याला तुम्ही विचारलंत की अमक्यावर युद्धाला चलतोस का, आणि तो म्हणाला की आमच्या हातात आत्ता पुरेसं काम आहे, तर त्याचा अर्थ तो कुणावर तरी युद्धाची तयारी करतोय, बाहेरून शांतता दिसत असली तरी. अनुभवी खेळाडू दर काही टर्नला सगळ्या नेत्यांना हाच प्रश्न विचारून येतात आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते फुकटात काढून घेतात, मी पण वर्षानुवर्षं हेच केलंय. एआय माणसाला असा प्रश्न विचारून त्याच्या मनातलं काढू शकत नाही. ह्याच्यावर मला आवडणारा उपाय म्हणजे नकाराचं कारण खरं द्यायचं पण ढोबळ द्यायचं. खोटं कारण अजिबात देऊ नका, एआयचं एक कारण खोटं निघालं की खेळणारा सगळ्याच कारणांवर विश्वास ठेवणं सोडतो आणि मग पुन्हा पहिल्या तक्रारीवर येतो.

टेक्नॉलॉजी वाटण्याचं थोडक्यात सांगतो. सिव ३ मध्ये एआयचे आपसातले दर वेगळे ठेवण्याची सोय होती, लेव्हलप्रमाणे, आणि तिथे एका एआयने शोध लावला की बघता बघता सगळ्यांकडे पोचायचा आणि माणूस मागे. सिव ४ च्या बियाँड द स्वॉर्ड ह्या एक्स्पान्शनमध्ये २००७ ला एक ऑप्शन आला की स्वतः संशोधन करून मिळवलेलंच तंत्र दुसऱ्याला देता येईल, इकडून घेऊन तिकडे विकता येणार नाही. ह्याने एआयची साखळी तुटते आणि माणसाची दलालीही बंद होते. दोघांना सारखा, एका वाक्यात सांगता येणारा. तुम्ही हाच घ्या.

आता एक अवघड मुद्दा. एआयने जिंकायला खेळायचं का शोभेल असं खेळायचं? सिव ४ चे मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन ह्यांनी २००८ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ह्यावरच भाषण दिलं होतं, एआय जिंकण्यासाठी असतो का माणसाला मजा यावी म्हणून हरण्यासाठी, ह्या अर्थाचं, आणि आमच्या पिढीच्या मॉडर्सनी ते पाठ केलंय म्हणा ना. माणूस शेवटच्या टर्नला जिवलग मित्राला कापतो, कारण त्याला माहीत असतं की ही शेवटची टर्न आहे. एआयनेही तसंच करावं हा तर सारखा नियम झाला. पण सिव ५ जेव्हा २०१० मध्ये आला तेव्हा त्यातले नेते असे जिंकायच्या मागे लागून मैत्री मोडायचे आणि लोकांनी त्यांना न्याय्य म्हटलं नाही, वेडे म्हटलं. माझं मत असं की एआय पुढे गेलेल्याला अडवायला एकत्र येत असतील तर येऊ द्या, चांगलंच आहे, फक्त पुढे गेलेला एआय असला तरी त्याच जोमाने यायला पाहिजेत. आणि मैत्री मोडताना नोटीस हवी. सिव ६ मध्ये जाहीर केलेली मैत्री ३० टर्न असते आणि तेवढ्या काळात एकमेकांवर युद्ध पुकारताच येत नाही, ना एआयला ना माणसाला. माणसाचा हात बांधलेला बघून काही जण कुरकुरतात, पण त्याच दोरीने समोरचाही बांधलेला आहे हे एकदा कळलं की त्या मैत्रीला खरी किंमत येते.

तुम्ही तिसऱ्या मेसेजमध्ये विचारलंय की पुढे भाषा समजणारा एआय घालून माणसाशी गप्पा मारून तह करता येतील का, त्याने न्याय वाढेल का. ह्यासाठी डिप्लोमसी नावाच्या बोर्ड गेमकडे बघा, १९५९ मध्ये अ‍ॅलन कॅल्हॅमर ह्यांनी बाजारात आणलेला. १९०१ चा युरोप, सात सत्ता, नकाशावर ३४ सप्लाय सेंटर, म्हणजे ताब्यात घ्यायची ठाणी, त्यातली १८ मिळवली की जिंकलात, फासे अजिबात नाहीत, सगळ्यांच्या चाली एकाच वेळी उघडतात, आणि त्याआधी कोपऱ्यात जाऊन वाटेल ते बोलायचं, वाटेल ते वचन द्यायचं, पाळायचं बंधन नाही. मेटाच्या संशोधकांनी ह्यासाठी सिसेरो नावाचा एआय केला, २०२२ मध्ये तो ऑनलाइन लीगमध्ये ४० डाव खेळला, समोर ८२ माणसं, नाव लपवून. माणसांच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त गुण मिळवले आणि एकापेक्षा जास्त डाव खेळलेल्यांमध्ये पहिल्या दहा टक्क्यांत आला. डाव चालू असताना कुणाच्या मेसेजमध्ये हा बॉट, म्हणजे माणूस नसून प्रोग्रॅम, वाटतो असं आलं नाही, एकाला फक्त डाव संपल्यावर शंका आली होती.

करणाऱ्यांनी त्याला बहुतेक वेळा खरं बोलणारा असा घडवला होता, म्हणजे जी चाल ठरलीये तिला धरूनच मेसेज. पण नंतर दुसऱ्या संशोधकांनी त्याचे संवाद तपासले, तर एका डावात फ्रान्स म्हणून खेळताना त्याने जर्मनीशी आधी ठरवलं की नॉर्थ सी मध्ये घुसायचं, मग इंग्लंडला जाऊन सांगितलं की तिथे कुणी आलं तर मी तुझ्या पाठीशी आहे, आणि इंग्लंडला पटल्यावर परत जर्मनीला कळवलं. हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसला. मला त्या डावापुरतं ते अन्याय्य वाटत नाही, कारण त्या गेममध्ये खोटं बोलायची मुभा सातही जणांना आहे आणि हे सगळे जाणून बसलेले असतात. मला खटकतं ते नाव लपवणं. प्रयोगासाठी ते लागलं असेल, मान्य, पण तुमच्या विकायच्या गेममध्ये कोण माणूस आणि कोण मशीन हे टेबलावर स्पष्ट असायलाच पाहिजे. कच्चा लिंबू कोण हे जसं आधी सांगतात तसं पक्का कोण हेही आधी सांगा.

ह्याच गेमवरचं आणखी एक काम तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. २०२१ मध्ये डोरा नावाचा बॉट फक्त स्वतःशी खेळून शिकवला गेला, माणसांचे डाव न दाखवता, आणि बोलण्याशिवायच्या प्रकारात. फ्रान्स विरुद्ध ऑस्ट्रिया अशा दोघांच्या डावात तो माणसाच्या वर गेला. पण सात जणांच्या डावात, समोर माणसांसारखे खेळणारे सहा बॉट ठेवले तर हा एकटा मागे पडला, आणि उलट सहा डोरा आणि माणसासारखा एक असं केलं तर तो एकटा पार चिरडला गेला. कुणी कुणाला एकटं पाडायला सांगितलं नव्हतं. आपसात खेळून खेळून त्यांचे संकेत, त्यांची कुणाला कधी साथ द्यायची ती पद्धत इतकी त्यांची त्यांची झाली होती की बाहेरचा आला की परकाच. तुमच्या एआयचे आकडे तुम्ही कसे बसवलेत? एआय विरुद्ध एआय असे रात्रभर डाव लावून बसवले असतील तर तुमच्याकडेही हेच झालेलं असू शकतं, बारीक प्रमाणात का होईना.

आता प्रत्यक्ष काय करायचं. मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक चाचणी लावतो, तिला आम्ही खोटा माणूस म्हणतो. सातही जागांवर एआयच बसवायचे, एकच एआय, एकसारखे आकडे, पण त्यातल्या एकावर माणसाचा शिक्का मारायचा, म्हणजे कोडने विचारलं "हा माणूस आहे का" की उत्तर हो येईल, पॉपअपला मात्र एआयच उत्तर देईल, तेही त्याची टर्न आल्यावरच, खऱ्या माणसासारखं. मग रात्रभर डाव चालवायचे, दर डावाला शिक्क्याची जागा बदलायची, नकाशा बदलायचा. सकाळी बघायचं की शिक्केवाल्यावर युद्धं किती पुकारली गेली, त्याला तह किती मिळाले, तंत्र काय भावाने मिळालं, आणि बाकीच्यांची सरासरी काय. हा खेळाडू सैन्य कमी ठेवत नाही, रीलोड करत नाही, चिडत नाही, म्हणजे जो फरक उरतो तो नुसत्या शिक्क्याचा. आमचा तो पॉपअपचा घोळ ह्या चाचणीत पहिल्याच रात्री सापडला असता, तेव्हा ही चाचणी आमच्याकडे नव्हती, त्या घोळामुळेच ती सुचली.

फरक शून्य आला तर समजायचं की तक्रार माणसाच्या खेळण्याच्या पद्धतीमुळे आहे, मग कोडला हात लावू नका, कारणं दाखवायच्या मागे लागा. युरोपा ४ सारखं, युती मागायला गेलात की होकार-नकारामागचा एकेक मुद्दा अधिक-उणे करून समोर येतो, पाठवायच्या आधीच. तुमच्याकडे सध्या नुसतं "प्रस्ताव नाकारला" येतं, मी तुमचा डेमो खेळून बघितला, चार वेळा नाकारला गेला आणि चारही वेळा मला का ते कळलं नाही, आणि पाचव्यांदा मीच युद्ध पुकारलं. तुमचे टेस्टरही हेच करत असणार.

फरक आला तर माणूस-माणूस विचारणाऱ्या ओळींची ती यादी घ्या आणि एकेक ओळ बंद करून परत रात्रभर चालवा, कुठल्या ओळीने फरक पडतो ते दोन-चार दिवसांत समोर येईल. लॉगमध्ये प्रत्येक युद्धासाठी एवढं तरी लिहून ठेवा, टर्न नंबर, कोणी कोणावर, त्या क्षणी दोघांत तह होता का, नसेल तर शेवटचा तह कितव्या टर्नला संपला, आणि दोघांची ताकद. पहिले पन्नास डाव झाले की तह संपल्याची टर्न आणि युद्धाची टर्न हे दोन कॉलम शेजारी शेजारी लावून बघा, आणि ते मला पाठवा, मी पण बघतो.